ओझर मिगच्या वाटेवर : यशवंतरावांचं नाशिक

आम्ही कराडचे. आमच्याकडे नुसतं 'साहेब' म्हटलं की कोण साहेब ते विचारावं लागत नाही. प्रीतिसंगमावरची समाधी, विरंगुळा बंगला हे सगळं लहानपणापासून बघितलेलं. पण यशवंतराव चव्हाण लोकसभेत पहिल्यांदा गेले ते ना कराडमधून ना साताऱ्यातून, ते गेले नाशिकमधून. १९६३ ची पोटनिवडणूक, आणि तीही बिनविरोध. बऱ्याच जणांनी हे कुठेतरी वाचलेलं असतं, आमच्याकडे मात्र त्यावर कोणी फार बोलत नाही. २०२५ च्या सप्टेंबरात चंदीगडला मिग-२१ विमानांना निरोप दिला, ऑक्टोबरात नाशिकहून तेजस मार्क-१ए पहिल्यांदा उडालं, दोन्ही वेळा टीव्हीवर ओझरचं, म्हणजे नाशिकजवळच्या विमान कारखान्याचं, नाव आलं आणि मी ठरवलं की आता जायचंच.

आत्ती म्हणाली मला बी न्हे. तिचं कारण वेगळं होतं, ते पुढे येईल.

शुक्रवार

पुण्यापर्यंत सकाळी लवकर पोचलो आणि वाकडेवाडीहून नाशिकची एसटी पकडली. नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर असा रस्ता. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे त्यामुळे आत्तीचा खर्च माझ्या निम्मा, आणि वर खिडकीही तिलाच.

गाडीत तिला मी साहेबांच्या निवडणुकांचा हिशोब सांगत बसलो, कारण ज्यांना हे माहीत नाही त्यांना नाशिकचं महत्त्व कळत नाही. १९४६ ला मुंबई प्रांताच्या विधानसभेवर पहिल्यांदा निवडून आले, सातारा जिल्ह्यातून. मग १९५२, १९५७, १९६२ कराड भागातून आमदार. यातली ५७ ची सगळ्यात अवघड. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली, साहेब द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसचे भलेभले पाडले आणि साहेब स्वतःच्या गावात अगदी थोडक्यात वाचले. कराडची जुनी माणसं अजून त्या मोजणीबद्दल दबक्या आवाजात बोलतात. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, त्याचे पहिले मुख्यमंत्री तेच. आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये चीन युद्धात संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांनी राजीनामा दिल्यावर नेहरूंनी त्यांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हाचं. दिल्लीला गेले खरे पण लोकसभेची जागा नव्हती. ती दिली नाशिकने.

आत्ती एवढंच म्हणाली, "मग साताऱ्यानं का न्हाई दिली?"

प्रश्न बरोबर आहे. ६२ ची सार्वत्रिक निवडणूक नुकतीच होऊन गेलेली, सगळीकडचे खासदार बसलेले. नाशिकची जागा रिकामी झाली आणि तिथे पोटनिवडणूक लागली. म्हणजे नाशिक हे आधीपासून ठरवून निवडलेलं घर नव्हतं. पण एकदा साहेबांचा अर्ज आला आणि समोर कोणी उभंच राहिलं नाही, ही गोष्ट नाशिकची, आणि मला तिच्याबद्दलच जाणून घ्यायचं होतं.

संध्याकाळी सीबीएसला उतरलो तेव्हा अंगात स्वेटर असून हुडहुडी भरली. जानेवारीतलं नाशिक कराडपेक्षा बरंच गार असतं. फोनवर बोलून ठेवलेल्या लॉजवर खोली दुसऱ्याला देऊन टाकलेली होती, थोडा वेळ वाद झाला, शेवटी शालिमारजवळ दुसरीकडे सोय लागली. त्याचं पुढे काही वाटलं नाही कारण खालच्या खानावळीत बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याचा ठेचा मिळाला. भरीत इथे हिरव्या मिरचीचं करतात, वरून कच्चं तेल आणि कांद्याची पात. आत्तीने वाढणाऱ्या बाईंना विचारून घेतलं की वांगी कुठून आणता. त्यांनी पण भाकरी थापता थापता सगळं नीट सांगितलं, आम्ही कराडचे म्हटल्यावर अजून एक भाकरी वाढली, पैसे धरले नाहीत.

शनिवार

सकाळी मिसळ. नाशिकला येऊन मिसळ खाल्ली नाही असं कोणी करत नाही. मखमलाबादच्या रस्त्याला एका मळ्यात बसलो, काळ्या मसाल्याचा रस्सा, सोबत पापड, दही, पाव, आणि शेवटी गुळाची जिलेबी. टीप : शनिवार-रविवारी साडेआठच्या आत पोचा, नऊनंतर नुसती पार्किंगलाच रांग लागते. आणि रस्सा आधी थोडाच घ्या, परत मागितला की देतात.

तिथून पंचवटी. सिंहस्थाची कामं सगळीकडे काढलेली आहेत, रस्ते उकरलेले, घाटावर बॅरिकेड, त्यामुळे रिक्षा थेट रामकुंडापर्यंत जाईलच असं नाही, चालायची तयारी ठेवा. वयस्कर माणूस सोबत असेल तर मालेगाव स्टँडकडून उतरण्यापेक्षा काळाराम मंदिराच्या बाजूने आत शिरा, चढउतार कमी पडतो.

काळारामाला आम्ही देवदर्शनासाठी गेलोच, पण मला ते दार बघायचं होतं. २ मार्च १९३० ला इथे मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, आणि नाशिकमध्ये राहून तो वर्षानुवर्षं चालवला भाऊराव कृष्णराव तथा दादासाहेब गायकवाडांनी. दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे. दगडी भिंत, उंच दार, आणि आज त्याच दारातून येणारी-जाणारी गर्दी, कोणी कोणाला काही विचारत नाही. आत्ती दाराच्या उंबऱ्यापाशी बराच वेळ थांबली. मागचे लोक पुढे जात होते, ती बाजूला होऊन उभी होती. "पाच-सहा वर्सं दारात बसली ही माणसं," एवढंच म्हणाली.

आता याचा साहेबांशी काय संबंध? आहे, आणि मोठा आहे. १९५७ ला नाशिकने हेच दादासाहेब गायकवाड लोकसभेत पाठवले होते. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे उमेदवार, मागे संयुक्त महाराष्ट्र समितीची लाट. ज्या निवडणुकीत साहेब कराडमध्ये जेमतेम तरले त्याच निवडणुकीत नाशिकने काँग्रेसला घरी बसवलं होतं. त्याआधी १९५२ ला आणि नंतर १९६२ ला काँग्रेसचे गोविंद हरी देशपांडे इथून निवडून आले. म्हणजे नाशिक हा काही डोळे मिटून काँग्रेसला जाणारा गड नव्हता. सहा वर्षांपूर्वी विरोधात गेलेला मतदारसंघ १९६३ ला एकही उमेदवार उभा करत नाही, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. चीनचं युद्ध ताजं होतं, संरक्षणमंत्री महाराष्ट्राचा होता, आणि वाद बाजूला ठेवायचे हे विरोधकांनीही मान्य केलं. आजच्या काळात हे कोणाला सांगितलं तर पटत नाही. माझ्या मते त्या बिनविरोध निवडणुकीचं श्रेय जेवढं साहेबांना तेवढंच, किंबहुना जास्त, उभं न राहणाऱ्यांना द्यायला पाहिजे. त्यांची नावं कुठे लिहिलेली नाहीत.

तिथून खाली घाटावर. इथे एक सांगून ठेवतो, बाहेरून येणाऱ्यांचा गोंधळ होतो म्हणून. गोदाकाठी 'यशवंतराव महाराज पटांगण' आहे. ते चव्हाणांच्या नावाचं नाही. ते देव मामलेदार यशवंतराव महाराज, सटाण्याचे मामलेदार, दुष्काळात लोक उपाशी मरताना बघून त्यांनी सरकारी खजिना वाटून टाकला होता. त्यांची समाधी इथेच. आत्तीला ही गोष्ट मीच सांगितली तर ती म्हणाली की मग याही यशवंतरावाला नमस्कार करू, आणि केला.

दुपारी ऊन कडक होतं पण सावलीत गेलं की परत गार. मेन रोडवर कोंडाजीचा चिवडा घेतला घरच्यांसाठी (किलोवर घेऊ नका, पाव-पाव किलोची पाकिटं घ्या, वाटायला बरं पडतं). चहाच्या टपरीवर एक गृहस्थ भेटले, साठीचे असतील, राजकारणावर बोलायला उत्सुक. मी विचारलं नाशिकचे खासदार किती वर्षं टिकतात. ते हसले आणि बोटांवर मोजायला लागले. ६७ आणि ७१ ला भानुदास कवडे, दोनदा. त्यानंतर ७७ ला शेकापचे विठ्ठलराव हांडे, ८० ला प्रताप वाघ, ८४ ला मुरलीधर माने, ८९ ला दौलतराव आहेर, ९१ ला वसंत पवार, ९६ ला राजाराम गोडसे, ९८ ला माधवराव पाटील, ९९ ला उत्तमराव ढिकले, २००४ ला देवीदास पिंगळे, २००९ ला समीर भुजबळ. एकही सलग दुसऱ्यांदा नाही. २०१४ ला आलेले हेमंत गोडसे २०१९ ला परत आले तेव्हा कुठे ती साखळी तुटली, आणि २०२४ ला राजाभाऊ वाजेंनी त्यांनाही हरवलं. मी एकेक नाव फोनमध्ये टिपत होतो, चहा गार झाला. यादीत ६३ चं नाव ते विसरले. मी आठवण करून दिली, तर म्हणाले, "अरे हो की, चव्हाण साहेब. पण मतदान कुठं झालं तेव्हा, म्हणून डोक्यात राहत नाही बघा."

हे वाक्य रात्रभर माझ्या डोक्यात होतं. निवडणूक म्हटलं की लोकांना काय आठवतं, सभा, पोस्टर, रांग, बोटाची शाई, निकालाची रात्र. बिनविरोधमध्ये यातलं काहीच नसतं. ज्या मतदारसंघाने त्यांना दिल्लीत पाय रोवायला जागा दिली तिथल्या एकाही माणसाने त्यांना मत दिलेलं नाही.

रविवार

ओझर. आग्रा रोडने वीसेक किलोमीटर. इकडची माणसं नुसतं ओझर म्हणत नाहीत, 'ओझर मिग' म्हणतात, कंडक्टरसुद्धा असंच ओरडतो. ओझर निफाड तालुक्यात येतं आणि निफाडचा पारा म्हणजे हिवाळ्यात रोज पेपरात येणारी बातमी. सकाळी धुकं एवढं की द्राक्षांच्या बागा दिसत नव्हत्या, नुसते खांब आणि तारा. नंतर ऊन आलं आणि दोन्ही बाजूंनी मळेच मळे. घडांना कागद गुंडाळलेले, काही ठिकाणी काढणी सुरू झालेली, रस्त्यावर पेट्यांच्या गाड्या.

टिपा आधी देऊन टाकतो. कारखान्यात आत जाता येत नाही, फाटकाचा, भिंतीचा, धावपट्टीचा फोटो काढू नका, खरोखर अडवतात. टाउनशिपमध्ये ओळखीचं कोणी असेल तर आधी फोन करून त्यांच्याकडून परवानगीचं विचारून घ्या. आमची सोय कराडच्या एका शेजाऱ्याच्या सासरकडून झाली होती. त्यांचे नाना, वय चौऱ्याऐंशी, कारखान्यातून निवृत्त, आता ओझर गावात स्वतःच्या घरात.

नाना अंगणात उन्हाला खुर्ची टाकून बसलेले. कानटोपी, मफलर, समोर द्राक्षांची पाटी. "कराडचे का? मंग तर तुम्ही आमच्या खासदाराच्या गावचे," हे त्यांचं पहिलं वाक्य. ऐकून बरं वाटलं मला, कारण दोन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी न विचारता खासदार म्हणालं.

तेव्हा मतदानाचं वय एकवीस होतं, अठरा झालं १९८९ मध्ये. नाना ६२ च्या निवडणुकीला वीस वर्षांचे, म्हणजे नाव नाही. ६३ ला यादीत पहिल्यांदा नाव आलं. "शिक्का मारायची लई हौस होती. आमच्या बरोबरीचे चार-पाच जण होतो, ठरवलं होतं एकत्र जायचं. आणि एक दिवस चावडीवर कळलं की मतदानच नाही. साहेब निवडून आले म्हणे. आम्ही म्हटलं, आपल्याला न विचारता कसे आले?" मग म्हणाले, "वडील म्हणाले, लढाई चालू आहे, मतं कसली मागता. तेव्हा तसंच होतं वातावरण. बायकांनी अंगावरचं सोनं दिलं होतं त्या काळात." त्यांनी पहिलं मत दिलं ते ६७ ला, तोवर साहेब साताऱ्यातून उभे राहिलेले.

त्यांची काही जमीन कारखान्यात गेली. किती ते मी विचारलं नाही. वडील शेवटपर्यंत त्या बाजूला गेले नाहीत. आणि नाना मात्र आयटीआय करून त्याच कारखान्यात लागले, फिटर म्हणून. एका घरात दोन्ही. मी म्हटलं, मग साहेबांबद्दल राग नाही वाटला? नानांनी द्राक्षाचा एक घड आत्तीच्या हातात दिला, मग बोलले. "शेत गेलं तेव्हा वाईट वाटलंच. पण पगार दर महिन्याला आला. पोरी शिकल्या. निफाडात दुसऱ्या कोणत्या शेतकऱ्याला तेव्हा महिन्याच्या महिन्याला पैसा दिसत होता, सांगा."

मग त्यांनी रिवेट कसा मारतात ते दाखवलं. मला हे सगळ्यात जास्त आवडलं. विमानाचा पत्रा सांगाड्याला हजारो रिवेटनी जोडलेला असतो. एक जण बाहेरून गन धरतो, दुसरा आतून, दिसत नसलेल्या बाजूने, डॉली म्हणजे लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. दोघांचा जोर एकसारखा नसला तर रिवेटचं डोकं वाकडं बसतं आणि तो ड्रिलने काढून परत मारावा लागतो. आतल्या बाजूचा माणूस बारीक अंगाचा लागतो कारण जागा नसते, नाना तेव्हा बारीक होते म्हणून त्यांच्याकडे डॉली. त्यांनी खुर्चीच्या पाठीला एका हाताची मूठ लावली, माझा हात दुसऱ्या बाजूने दाबून घेतला आणि टकटक केलं, "कळालं? बोलायचं नाही, आवाजात ऐकू येत नाही. टकटक एकदा केलं की बरोबर, दोनदा केलं की परत." चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाची मूठ, पण अंगठ्यात अजून जोर आहे.

आता इथे मला स्पष्ट लिहायचंय. नाशिकमध्ये सगळे सांगतात की बिनविरोध निवडून दिलं म्हणून साहेबांनी परतफेड म्हणून मिगचा कारखाना दिला. आमच्याकडे कराडलाही असंच सांगतात. पण क्रम बघा. मिगचा रशियाबरोबरचा करार झाला ऑगस्ट १९६२ मध्ये, तेव्हा संरक्षणमंत्री कृष्ण मेनन होते आणि साहेब मुंबईत मुख्यमंत्री. त्यासाठी एरॉनॉटिक्स इंडिया लिमिटेड ही कंपनी १९६३ ला निघाली, ती १ ऑक्टोबर १९६४ ला बेंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये मिळून हिंदुस्तान एरॉनॉटिक्स म्हणजे एचएएल झाली. आणि काम एकट्या ओझरला दिलं नाही, विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओरिसात कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक्स हैदराबादला. देशाच्या तीन कोपऱ्यांत. हा देशाचा निर्णय होता. ओझरला आणण्यात साहेबांचा वाटा नक्कीच असणार, संरक्षणमंत्री तेच होते. पण त्याला परतफेड म्हटलं की मला वाटतं आपण दोघांनाही लहान करतो. नाशिकने काही मागून जागा दिली नव्हती. मी हे नानांना बोललो तर ते म्हणाले, "असंल. पण लोकांना धरायला काहीतरी लागतं नं. मत दिलेलं नाही, मंग कारखाना धरला." दोन दिवस मी जे शोधत होतो ते या माणसाने अंगणात बसून सांगितलं.

मिग-२१ एफएलपासून सुरुवात, मग पुढचे प्रकार, मिग-२७, नंतर सुखोई-३०, आणि आता तेजस. नानांनी सुखोई येईपर्यंत नोकरी नाही केली पण तेजस उडालं त्या दिवशी त्यांना नातवाने गच्चीवर नेलं होतं. मिगला निरोप दिला तो कार्यक्रम मात्र त्यांनी बघितला नाही, टीव्ही बंद करायला लावला, असं सूनबाईंनी आतून सांगितलं.

जेवायला ठेवूनच घेतलं. शेवेची भाजी, भाकरी, कांद्याची चटणी, द्राक्षं. जेवताना आत्ती आणि नानांचं जे सुरू झालं त्यात मला बोलायला जागाच नव्हती. कारण आत्तीचं पहिलं मत १९८० चं, जानेवारीतलं. नुकतं लग्न झालेलं. साताऱ्यातून साहेब उभे, पण इंदिराबाईंच्या विरोधी काँग्रेसकडून. सगळीकडे हात-हात चाललेलं. महाराष्ट्रात ४८ पैकी ३९ जागा इंदिरा काँग्रेसने घेतल्या, आणि अर्स काँग्रेसचा, म्हणजे साहेबांच्या पक्षाचा, अख्ख्या राज्यात एकच माणूस आला, तो म्हणजे साहेब. आत्ती सांगत होती, "सासरी निम्मं घर इंदिराबाईचं. सासूबाई म्हणाल्या बाई उभी हाय तर बाईला दे. मी काय बोलले न्हाई. आत गेले आन साहेबाला दिलं. घरात कुणाला सांगितलं न्हाई."

नाना म्हणाले, "बरं केलं. आमच्या वाटचंही तुम्हीच दिलं."

नऊ निवडणुका, एकही हार नाही. शेवटची सगळ्यात एकटी. त्याआधी गृह, अर्थ, परराष्ट्र सगळी खाती झालेली, ७९ ला काही महिने उपपंतप्रधान, आणि त्याच वर्षी विरोधी पक्षनेते म्हणून मोरारजींच्या सरकारवर अविश्वास ठराव मांडणारेही तेच. त्या वेळच्या त्यांच्या निर्णयांवर कराडमध्येसुद्धा दोन मतं आहेत. मला स्वतःला वाटतं की ७९ नंतर त्यांनी दिशा लवकर ठरवायला हवी होती. पण ८० ला लाटेविरुद्ध उभं राहून निवडून येणं हे ५७ इतकंच अवघड होतं, आणि ६३ ची बिनविरोध ही या दोन्हींच्या मधोमध येते, म्हणून मला ती इतकी महत्त्वाची वाटते.

सोमवार

आत्तीचा दिवस. गंगापूर धरणाच्या रस्त्याला गोवर्धनपाशी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. १ जुलै १९८९ ला सुरू झालं, साहेब जाऊन तेव्हा पाचवं वर्ष लागलेलं (२५ नोव्हेंबर १९८४, दिल्ली). मुख्यालय नाशिकला पण अभ्यासकेंद्रं राज्यभर. आत्ती याच विद्यापीठाची बी.ए. आहे. दहावी झाल्यावर लग्न, मग सगळं थांबलं, आणि दोन मुलं शाळेत गेल्यावर तिने कराडच्या केंद्रावर नाव घातलं. पुस्तकं घरी यायची, रात्री भांडी झाली की चुलीपाशी बसून वाचायची. पदवीच्या कागदावर नाशिकचा पत्ता होता पण नाशिक तिने कधी बघितलं नव्हतं.

जायचं असेल तर कामाच्या दिवशीच जा, म्हणून आम्ही सोमवार ठेवला. शहरातून बस आहेत पण वेळ बघून घ्या, परतीची रिक्षा तिथे सहज मिळत नाही, येणाऱ्याच रिक्षाला थांबवून ठेवलं तर बरं. परिसर मोठा, झाडं भरपूर, धरणाकडून गार वारा. फाटकावरच्या सिक्युरिटीच्या दादांनी काम विचारलं. आत्ती म्हणाली, काम काही नाही, मी इथली विद्यार्थिनी आहे, बघायला आले. त्यांनी रजिस्टरमध्ये नाव लिहून घेतलं, कारणाच्या रकान्यात 'माजी विद्यार्थी' असं लिहिलं आणि एका शिपाईमामांना आमच्यासोबत पाठवलं. मामा पण इथूनच बी.ए. झालेले निघाले! मग काय, दोघांची कोणतं पुस्तक अवघड होतं इथपासून सुरुवात. अर्थशास्त्राचं, यावर एकमत झालं.

पुस्तकं जिथे ठेवतात तिथे बाहेरून बघायला मिळालं, गठ्ठेच्या गठ्ठे, प्रत्येकावर अभ्यासकेंद्राचा कोड. गडचिरोली, नंदुरबार, सिंधुदुर्ग. आत्तीने एका गठ्ठ्यावर हात ठेवला, दोरी ओढून घट्ट आहे का बघितली, आणि मामांना म्हणाली, "आमच्याकडं यायचा तेव्हा एक कोपरा कायम भिजलेला असायचा." मामा म्हणाले आता प्लास्टिक लावतात.

मला ओझरपेक्षा हे स्मारक जास्त मोठं वाटतं. कारखाना एका गावात आहे, हे घराघरात गेलं. आणि नाशिकने मत न देता ज्यांना दिल्लीला पाठवलं त्यांच्या नावाची पदवी कराडच्या एका बाईला नाशिकहून पोस्टाने आली, हे जुळवून कोणी आणलेलं नाही, पण जुळलंय.

दुपारी परत सीबीएस, रात्रीपर्यंत पुणे. एक काम राहिलं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय, सावाना म्हणतात त्याला, १८४० पासूनचं आहे. तिथे ६३ च्या वर्तमानपत्रांच्या फाइली बघायला मिळतात का याची चौकशी करायची होती, वेळच उरला नाही. अर्ज भरला गेला तेव्हा नाशिकच्या पेपरांनी काय छापलं, कोणकोण उभं राहणार होतं आणि मागे हटलं, हे मला बघायचंय. तुमच्या घरात १९४२ च्या आधी जन्मलेलं, तेव्हा नाशिकच्या यादीत नाव असलेलं कोणी असेल तर त्यांना विचारून मला कळवा, ओझर, दिंडोरी, सिन्नर, नाशिक शहर, कुठलंही चालेल. आणि सावानात जुन्या अंकांसाठी कोणाला भेटायचं हे माहीत असलेल्यांनीही सांगा, द्राक्षांचा सीझन संपायच्या आत परत जायचा विचार आहे.